नाई बा

माझं नाव नाई. हे तुम्ही 'नाही' असं वाचलं असेल, तर वाईट वाटून घेऊ नका. कळंबमधली निम्मी माणसं तीच चूक करतात. मी कुत्रा आहे. रंग तांबडा, डावा कान अर्धा, मागचा उजवा पाय जरा जपून टाकतो. मोंढ्याच्या मागं कोंडीराम मापाडी यांच्या अंगणात लिंबाखाली माझं पोतं अंथरलेलं आहे. तिथूनच बोलतोय.

माझा जन्म उमरग्याच्या बाहेर, सोलापूर-हैदराबाद रस्त्याला, एका पंक्चरच्या दुकानामागं झाला. दुकान बिराप्पाचं. बिराप्पा एकटा राहायचा, कानडी बोलायचा, आणि तेही थोडकंच. माझ्याशी तो तीनच गोष्टी बोलायचा. "नायी, बा" म्हणजे जवळ जायचं. "ऊटा" म्हणजे खायला आहे. "होग" म्हणजे बाजूला हो, ट्रक येतोय. एवढ्यावर आमचं सगळं भागत होतं.

कानडीत नायी म्हणजे कुत्रा, हे मला फार उशिरा कळलं. मला वाटायचं ते माझं एकट्याचं नाव आहे. शेजारच्या धाब्यावरच्या पांढऱ्या कुत्र्यालाही बिराप्पा नायीच म्हणायचा. मी मनात म्हणायचो, म्हातारा झालाय, विसरतो बिचारा.

दुकानाचा पत्रा माझ्यासमोर दोनदा बदलला. तिसऱ्यांदा बदलायची वेळ आली तोवर रस्ता रुंद करायचं निघालं आणि दुकानच गेलं. बिराप्पाचा मुलगा टेम्पो घेऊन आला. हवेचं मशीन चढलं, जॅक चढला, खाट चढली. शेवटी बिराप्पा माझ्याजवळ आला, डोक्यावरून हात फिरवला आणि म्हणाला, "होग."

मी बाजूला झालो. मला वाटलं, ट्रक येतोय. टेम्पो निघून गेला. ट्रक काही आला नाही.

मी तिथंच बसून राहिलो. आठ दिवस बसलो असेन, किंवा पंधरा. मोजणं माझं काम नव्हे. नंतर एक मोटारसायकल माझ्या पायावरून गेली, आणि बसायचं की उठायचं हा प्रश्न आपोआप मिटला.

समोरच्या दवाखान्यात राजनंदिनी नावाची नर्स होती. ती मूळची कळंबची. तिनं मला पोत्यावर ओढून घेतलं, जनावरांच्या डॉक्टरला बोलावून पायाला प्लास्टर करवलं आणि महिनाभर दवाखान्यामागच्या शेडमध्ये ठेवलं. ती मला "सोन्या" म्हणायची, "राजा" म्हणायची, "शहाणं बाळ" म्हणायची. कुणाला बोलावते ते मला कळत नसे, म्हणून मी जात नसे. तिला वाटलं, मला कमी ऐकू येतं. प्लास्टर निघालं त्या आठवड्यात तिचे डॉक्टरसाहेब म्हणाले, की इथं माणसं पेशंट असतात, ह्याचं काहीतरी बघा. तिनं माझा फोटो काढला आणि मोबाइलच्या स्टेटसला टाकला. 'प्रेमळ कुत्रा, वय एक वर्ष, चांगलं घर हवंय.' वय तिनं कुठून काढलं माहीत नाही. मला विचारलं असतं तर मी पत्र्याचं सांगितलं असतं.

घर मिळेपर्यंत ठेवायला म्हणून ती मला ओळखीच्या जीपमधून आपल्या आईवडलांकडं घेऊन आली.

आता कोंडीरामांबद्दल सांगायला हवं. चाळीस वर्षं त्यांनी मोंढ्यात धान्य मापलं. शेतकरी विचारायचा, "माप जास्त गेलं का ओ?" ते म्हणायचे, "नाई." व्यापारी विचारायचा, "कमी भरलं का?" ते म्हणायचे, "नाई." दोन्ही बाजूंनी चाळीस वर्षं एकच प्रश्न आल्यावर माणसाच्या तोंडात एकच उत्तर पक्कं बसतं. समोरचा ओळखीचा असला तर ते "नाई बा" म्हणायचे. माया दाखवायची त्यांची पद्धत एवढीच होती.

जीप दारात थांबली तेव्हा ते ओट्यावर बसले होते.

"अण्णा, पंधराच दिवस ठेवा," नंदिनी म्हणाली. "घर मिळालं की मीच येऊन नेते."

"नाई बा," कोंडीराम म्हणाले.

माझे कान उभे राहिले. दुकान गेल्यापासून एकाही माणसानं मला नावानं हाक मारली नव्हती. आणि इथं, ज्यानं मला आधी कधी पाहिलेलं नाही असा माणूस, पहिल्या शब्दाला माझं नाव घेतो आणि दुसऱ्या शब्दाला जवळ बोलावतो. मी लंगडत गेलो आणि त्यांच्या पायाशी बसलो.

"बघा, थेट तुमच्याकडंच आलं," दारातून कमलबाई म्हणाल्या. ह्या कोंडीरामांच्या बायको. कोंडीरामांच्या वाटचं बोलणंही त्याच बोलतात, त्यामुळं घराचा हिशेब बरोबर राहतो.

"घरात घ्यायचं नाई," कोंडीराम म्हणाले.

मी आणखी जवळ सरकलो. त्यांना कानडी येत नव्हतं आणि मला मराठी येत नव्हतं. यात कुणाचाच दोष नव्हता.

कोंडीरामांनी माझ्याकडं बराच वेळ बघितलं. मग मला दोन्ही हातांनी उचललं, जरा वरखाली केलं आणि खाली ठेवलं.

"साडेअकरा," ते म्हणाले. "लई रोडावलंय."

मी राहिलो. पंधरा दिवसांसाठी.

त्या घरात मला फार काम पडलं. माणूस दिवसातून किती वेळा नाही म्हणतो, हे माणसांना माहीत नसतं. मला आहे, कारण प्रत्येक वेळी मी उठून गेलोय. सकाळी भाजीवाली दारात यायची, "मेथी घ्या की, मापाडी." "नाई बा." मी लिंबाखालून ओट्याशी. फोन वाजायचा, कुणीतरी बाई त्यांना कर्ज देऊ करायची. "नाई बा." मी गेटापासून ओट्याशी. कमलबाई विचारायच्या, अजून अर्धी भाकरी वाढू का. "नाई." मी अंगणातून थेट स्वयंपाकघराच्या उंबऱ्याशी. तिथून मला हाकलायचे, मी परत लिंबाखाली यायचो, पोत्यावर दोन वेटोळी घालायचो, टेकतो न टेकतो तोच कोंडीराम कुणाला तरी सांगायचे, की आज मोंढा चालू नाई.

मला वाटलं, ह्या माणसाला माझ्यावाचून करमत नाही. इतक्या हाका मला उभ्या आयुष्यात कुणी मारल्या नव्हत्या.

कोंडीरामांचा समज वेगळा झाला. ते कमलबाईंना म्हणाले, "म्या नाई म्हणलं की हे लगेच शेजारी येऊन बसतंय. ह्याला माझं पटतंय."

"पटणारच की," कमलबाई म्हणाल्या. "चाळीस वर्षांत एक तरी कुणी भेटलं."

आठव्या दिवशी त्यांनी मला सुई द्यायला जनावरांच्या दवाखान्यात नेलं. कंपाउंडरनं कार्ड काढलं.

"कुत्र्याचं नाव?"

"नाव नाई."

मी उठून उभा राहिलो. कंपाउंडरनं लिहिलं, नाव : नाई.

"वय?"

"एक वर्ष म्हणत्येत."

"मालक?"

"मालक नाई बा. पंधरा दिवसाला आलंय."

मी जाऊन कोंडीरामांच्या गुडघ्याला टेकलो. कंपाउंडरनं एकदा माझ्याकडं बघितलं, एकदा त्यांच्याकडं बघितलं, आणि मालकाची जागा मोकळी सोडली. "हे मागनं भरू," म्हणाला. मग माझा पाय दाबून बघितला आणि त्याला नवल वाटलं. "मोडलेला पाय एवढा मोकळा कसा झाला? रोज चालवता का ह्याला?"

"नाई," कोंडीराम म्हणाले.

मी पुन्हा उठलो.

त्याच संध्याकाळी ओट्यावर कमलबाई पालक निवडत होत्या. निवडता निवडता म्हणाल्या, "ऐकलाव का, ठेवू या की ह्याला. पोरगी तिकडं उमरग्याला. घरात आपण दोघंच. कुणीतरी असलं की बरं वाटतं."

मी कान खाली पाडून ऐकत होतो. मराठी मला आता थोडं थोडं उमगायला लागलं होतं. मग कोंडीराम बोलले, आणि त्या घरात मी ऐकलेलं त्यांचं सगळ्यात लांब बोलणं ते होतं.

"हे एक वर्षाचं. कुत्रं बारा-चौदा वर्षं जगतंय. माझं एकाहत्तर सरलं. माझ्या मागं, तुझ्या मागं, ह्यानं कुणाच्या दारात बसायचं? एकदा बसलंय ते हायवेला. दुसऱ्यांदा बसायला लावायचं पाप माझ्याच्यानं व्हायचं नाई."

कमलबाईंनी पालकाची टोपली उचलली आणि आत गेल्या. मी कोंडीरामांजवळ गेलो, कारण त्यांनी शेवटी माझं नाव घेतलं होतं. त्यांनी माझ्या अर्ध्या कानाला हात लावला आणि लगेच काढून घेतला.

बाराव्या दिवशी शरणबसप्पा चहाला आले. हे मोंढ्यातले आडत व्यापारी, कोंडीरामांचे जुने मित्र, मूळचे कर्नाटकातल्या आळंदकडचे. लेकीच्या बाळंतपणाला गावी गेले होते ते महिन्यानं परतले होते. कमलबाईंनी कोंडीरामांना विचारलं, चहात साखर टाकू का. "नाई बा," कोंडीराम म्हणाले. मी लिंबाखालून उठलो, ओट्याशी आलो, बसलो. कमलबाईंनी विचारलं, बिस्कीट तरी? "नाई." मी पुढचा पाय त्यांच्या चपलेवर ठेवला.

शरणबसप्पांनी कप खाली ठेवला.

"कोंडीराम, हे कुत्रं कुठलं?"

"उमरग्याचं."

"असं." ते माझ्याकडं वळले आणि हळू आवाजात म्हणाले, "नायी, बा."

मी उठून त्यांच्याकडं गेलो. नाव घेऊन बोलावल्यावर जायला नको?

"ऊटा," ते म्हणाले. मी स्वयंपाकघराकडं बघितलं.

"होग."

मी बाजूला झालो आणि रस्त्याकडं बघत उभा राहिलो. ट्रक येणार होता. टेम्पो उभा आहे का, तेही मी बघून घेतलं.

"अहो, हे कानडी कुत्रं हाय," शरणबसप्पा म्हणाले. "आमच्यात कुत्र्याला नायी म्हणत्यात आन ये म्हणायला बा. तुमी दिवसभर ह्याला 'कुत्र्या, ये. कुत्र्या, ये' म्हणून हाका मारलालाव."

कमलबाई हसता हसता भिंतीला टेकल्या. कोंडीराम हसले नाहीत. ते माझ्याकडं बघत होते.

"शेवटचं काय म्हणलाव तुमी?"

"होग. म्हणजे जा."

"ते परत म्हणू नका," कोंडीराम म्हणाले.

त्या दिवसापासून कोंडीरामांनी नाई म्हणणं सोडलं.

मला सुरुवातीला कळेना. सकाळी भाजीवाली आली, त्यांनी तोंड उघडलं, माझ्याकडं बघितलं आणि म्हणाले, "नगं." आता कोंडीरामांचं नाई म्हणजे विषय संपला, हे सगळ्या गल्लीला माहीत होतं. 'नगं' त्यांच्या तोंडून कुणी ऐकलंच नव्हतं. भाजीवाली म्हणाली, "घ्या हो, ताजी हाय," आणि जुडी ओट्यावर ठेवून गेली. चार दिवसांत आमच्याकडं तीनदा मेथी झाली. जुन्या मापाड्यांच्या संघटनेचं अध्यक्षपद ते अकरा वर्षं नाकारत आले होते. त्या आठवड्यात दोन माणसं पुन्हा विचारायला आली, त्यांच्या 'नगं'कडं त्यांनी लक्षच दिलं नाही, आणि हार घालून गेली.

"अहो, नाई म्हणा की सरळ," कमलबाई म्हणाल्या. "अध्यक्ष काय होताव."

"द्यायचंच हाय ह्याला," कोंडीराम म्हणाले. "मग उगं हाका कशाला मारायच्या. सवय लागती."

कुणाला सवय लागते ते त्यांनी सांगितलं नाही.

मला मात्र वाईट वाटलं. साधं, सरळ वाईट वाटलं. भाकरी वेळेवर मिळत होती, पोतं तेच होतं, लिंबही होता. पण दिवस उगवून मावळायचा आणि मला कुणी बोलावायचं नाही. मी ओट्यापाशी जाऊन बसलो तर ते उठून आत जायचे. मी विचार करून बघितला, माझं काय चुकलं. काही सापडलं नाही. टेम्पो गेला तेव्हाही सापडलं नव्हतं. मग मी लिंबाखालून उठलो आणि गेटाशी, रस्त्याकडं तोंड करून बसायला लागलो. त्या जागेची मला सवय होती.

शेवटच्या दिवशी नंदिनी सुट्टी काढून आली. तिच्यासोबत रणधीर होता, शेजारच्या वाशी तालुक्यातला तरुण शेतकरी. स्टेटस बघून त्यानं मला मागितलं होतं. माणूस वाईट नव्हता. शेतात शेळ्या होत्या, मोठी शेड होती, राखणीला कुत्रं हवं होतं. माझ्यासाठी त्यानं नवी साखळी आणि लाल पट्टा आणला होता. पट्टा चांगला होता, हे मी मान्य करतो. तो त्यानं माझ्या गळ्यात घातला. मी काही केलं नाही. ज्या घरात नाव घेत नाहीत, तिथं हट्ट कशाच्या जोरावर करायचा?

"शेतात मोकळं राहील, मामा," रणधीर कोंडीरामांना म्हणाला. "काळजी करू नका."

कोंडीरामांनी मान हलवली. मग खाली वाकून मला उचललं.

"चौदा," ते म्हणाले आणि खाली ठेवलं.

जनावरं पाळणाऱ्या माणसाच्या सवयीनं रणधीरनं माझा जबडा उघडला, बोट फिरवलं आणि नंदिनीकडं बघितलं.

"ताई, तुमी वर्षाचं लिहिलं होतं. ह्याचे दात तर पार झिजलेत. सात-आठ वर्षांचं सहज असंल हे."

"मला काय कळतंय दातांतलं," नंदिनी म्हणाली. "बारकं दिसत होतं."

"असू द्या, मला चालतंय. अजून पाच-सहा वर्षं तरी राखण करंल."

कोंडीराम ओट्यावरून उठले.

"किती म्हणलास?"

"पाच-सहा, मामा. लई झालं तर सात."

कोंडीरामांचा चेहरा मोंढ्यात काटा थांबायची वाट बघताना व्हायचा तसा झाला असणार. मी त्यांना मोंढ्यात पाहिलेलं नाही, चेहऱ्याचं हे कमलबाईंनी नंतर सांगितलं. त्यांचे ओठ हलत होते. एकाहत्तर आणि सहा. एकाहत्तर आणि सात. मग त्यांनी कमलबाईंकडं बघितलं.

"तुमचे वडील पंच्याऐंशीला गेले," कमलबाई म्हणाल्या. "आन मी तुमच्याहून सहा वर्षांनी बारकी हाय. तेवढं पुरतो की आपण."

रणधीरला उशीर होत होता. त्यानं साखळी हाताला गुंडाळली आणि गेट उघडलं. मी त्याच्याबरोबर चाललो. रस्त्यावर एक पाय पडला, दुसरा पडला.

"चलतो मग, मामा," तो मागं वळून म्हणाला. "नेऊ ना?"

"नाई बा."

मी थांबलो. चार दिवसांनी ऐकत होतो. आवाज मोठा नव्हता, पण माझा एक अख्खा कान आणि एक अर्धा, दोन्ही त्याच कामाला होते. मी वळलो. साखळी रणधीरच्या हातातून सुटली की त्यानं सोडली, मला माहीत नाही. मी गेटातून आत आलो, अंगण ओलांडलं आणि कोंडीरामांच्या पायाशी जाऊन बसलो. साखळी मागनं खणखणत आली.

"कुणाला म्हणलाव ओ?" कमलबाईंनी विचारलं. पदर डोळ्यांना लावला होता.

"दोघांनाबी," कोंडीराम म्हणाले.

रणधीरला काही उलगडेना. नंदिनीनं त्याला बाजूला घेऊन सगळं समजावलं. तो म्हणाला, अशा कुत्र्याला शेतात नेलं असतं तर अवघडच होतं, कारण त्याचे वडीलही सगळ्याला नाईच म्हणतात. कमलबाईंनी त्याला जेवायला घातलं. जाताना पट्टा आणि साखळी परत दिली, वर मेथीची एक जुडी दिली. ती घरात तशीही जास्त झाली होती.

पुढच्या सुईला कोंडीरामांनी माझं कार्ड बरोबर नेलं. कंपाउंडरनं विचारलं, मालकाची जागा मोकळी आहे, काय लिहू. "कोंडीराम मापाडी," ते म्हणाले, आणि लिहून होईपर्यंत वाकून बघत राहिले. कंपाउंडरनं वय खोडून आठ केलं. मग म्हणाला, "हे नाव चुकून पडलंय वाटतं. बदलायचं का?"

"नाई," कोंडीराम म्हणाले. मी उठलो. नाव तेच राहिलं.

आता मला इथं दीड वर्ष झालं. माझं वजन साडेसोळा आहे. ते अधूनमधून उचलून बघतात. कोंडीराम अजूनही अध्यक्ष आहेत, कारण ते सुटायचं कसं हे त्यांना समजलेलं नाही. 'नाई' ते पूर्वीसारखंच म्हणतात, मनमोकळं म्हणतात. दिवसाला वीस-पंचवीस वेळा तरी मी जातो. आता मला चांगलं मराठी येतं. त्यातल्या बऱ्याच वेळा ते मला बोलावत नसतात, हे मला कळतं. तरी मी जातो. त्यांनाही कळतं की मला कळतं. तरी ते हात खाली सोडतात आणि तो माझ्या अर्ध्या कानावर येतो.

तुम्हाला एक विनंती आहे. कधी कळंबला आलात तर मोंढ्यामागं कोंडीराम मापाड्याचं घर विचारा, कुणीही दाखवील. कमलबाई चहा विचारतील. नाई म्हणू नका. एक तर त्यांना राग येतो, आणि दुसरं म्हणजे मी झोपलेलो असतो, थंडीत पाय आखडतो, आणि त्या शब्दाला पडून राहणं मला अजून जमत नाही. चहा घ्या, बसा, हवी तर मला हाक मारा. फक्त होग म्हणू नका. ह्या घरात तो शब्द बंद आहे, आणि मीही आता तो विसरत चाललोय.